केशरी पेटी आणि हातभर केबल

अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचं विमान कोसळलं आणि महिनाभरानं त्याचा प्राथमिक चौकशी अहवाल आला. सगळ्यांचं लक्ष इंधनाच्या स्विचांकडे गेलं, ते साहजिकच होतं. त्याच अहवालात एक एवढंसं वाक्य होतं: या घटनेत ईएलटी सुरू झाला नाही. त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. विमान भरवस्तीत पडलं होतं, धूर सगळ्या शहराला दिसत होता. ते कुठे आहे हे सांगायला कुठल्या यंत्राची गरजच नव्हती.

पण विमान नेहमी लोकांच्या डोळ्यांदेखत पडत नाही. अरुणाचलच्या जंगलात पडतं, अलास्काच्या डोंगरात पडतं, धुक्यात पडतं. तेव्हा आतलं कुणी जिवंत असेल, तर ते वाचणार की नाही हे बऱ्याच वेळा एका केशरी पेटीवर ठरतं. ती पेटी म्हणजे ईएलटी, इमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटर. ती कशी चालते आणि कशामुळे गप्प राहते, ते नीट सांगावं म्हणून हा लेख.

आधी एक गल्लत दूर करू, कारण बातम्यांमध्ये ती हमखास होते. ब्लॅक बॉक्स म्हणजे ईएलटी नव्हे. ब्लॅक बॉक्स फक्त नोंद ठेवतो: वैमानिक काय बोलले, इंजिनं कशी चालली होती. तो हाक मारत नाही. त्याच्या अंगाला एक छोटा पिंगर बसवलेला असतो. पाण्यात बुडाला की तो दर सेकंदाला एक टिक असा आवाज सोडतो, पण तो आवाज पाण्याखाली सोडलेल्या खास यंत्रालाच ऐकू येतो, तोही दोन-तीन किलोमीटरच्या आत. ईएलटी ही तिसरी वस्तू. तो रेडिओ आहे. आदळल्यावर आपणहून जागं व्हायचं आणि आकाशाकडे तोंड करून ‘मी इथे आहे’ असं सांगत राहायचं, एवढंच त्याचं काम.

हे काम यंत्राकडे सोपवावं लागलं त्यामागे एक गोष्ट आहे, आणि ती वाचून आजही पोटात कालवतं. मार्च १९६७ मध्ये आई, सावत्र वडील आणि सोळा वर्षांची मुलगी असं कुटुंब छोट्या विमानातून कॅलिफोर्नियाकडे निघालं आणि खराब हवेत ट्रिनिटीच्या डोंगरांत पडलं. तिघंही आदळण्यातून वाचले. वडील मदत शोधायला म्हणून बाहेर पडले ते परतलेच नाहीत. मायलेकी बर्फात, विमानाच्या सांगाड्यात थांबल्या. मुलगी रोजच्या नोंदी लिहीत होती. शोध घेणाऱ्यांना विमान सापडलं नाही. ऑक्टोबरमध्ये एका शिकाऱ्याला अवशेष दिसले, आणि त्या नोंदींवरून कळलं की दोघी जवळजवळ दोन महिने जिवंत होत्या. दोन महिने! त्यांना वाचवायला हवाई दल होतं, डॉक्टर होते, हेलिकॉप्टरं होती. त्या नेमक्या कुठे आहेत, तेवढं मात्र कुणाला माहीत नव्हतं.

अशा घटनांनंतर अमेरिकेत ईएलटीची मागणी जोर धरू लागली आणि १९७० च्या अखेरीस कायदा झाला. विमान मालकांना मुदत दिली होती, त्यामुळे अंमलबजावणी रेंगाळली. तेवढ्यात १६ ऑक्टोबर १९७२ रोजी अलास्कात एक छोटं सेस्ना विमान नाहीसं झालं. त्यात अमेरिकी प्रतिनिधिगृहातले बहुमतातल्या पक्षाचे नेते हेल बॉग्ज आणि खासदार निक बेगिच होते. ३९ दिवस शोध चालला. विमान आजतागायत सापडलेलं नाही. वैमानिकाचा हातात बाळगायचा बीकन, म्हणजे संकटात हाक मारणारा असाच रेडिओ, नंतर मिळाला, तो फेअरबँक्सला दुसऱ्याच एका विमानात.

आता पेटीकडे वळू. साधारण मोठ्या डब्याएवढी, भडक केशरी किंवा पिवळी, विमानाच्या मागच्या भागात शेपटीजवळ बसवलेली. शेपटीजवळ का, तर विमान बहुधा नाकावर आदळतं आणि मागचा भाग त्यातल्या त्यात शाबूत राहतो. पेटीतून एक केबल निघते आणि विमानाच्या पाठीवरच्या अँटेनाला जाते. दुसरी तार कॉकपिटमधल्या स्विचकडे जाते, म्हणजे वैमानिकाला वेळ मिळाला तर तो हातानंही बीकन सुरू करू शकतो. आत बॅटरी असते ती विमानाच्या विजेवर अवलंबून नसते. विमानातलं बाकी सगळं बंद पडलं तरी हिचं चालू राहावं, आणि उणे २० अंश थंडीतही किमान २४ तास चालावं, अशी अपेक्षा असते.

आदळल्याचं तिला कसं कळतं? त्यासाठी जी-स्विच असतो. जुन्या पद्धतीच्या स्विचमध्ये नळीत एक धातूची गोळी आणि तिला मागे रेटून धरणारी स्प्रिंग असते. एसटीच्या ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे फेकले जातात ना, तसंच विमान एकाएकी थांबलं की गोळी पुढे जाते, स्प्रिंग दबते, संपर्क जुळतो. उतरताना बसणारा साधा दणका आणि खरा अपघात यांत फरक करता यावा म्हणून धक्का किती जोराचा आणि वेग किती घटला या दोन्हींचं गणित बसवलेलं असतं. पेटीवर बाणही असतो, उड्डाणाच्या दिशेकडे तोंड करून बसवण्यासाठी. पेटी उलटी बसवली तर गोळी चुकीच्या बाजूला तोंड करून बसते. हेलिकॉप्टर बऱ्याचदा खाली, सरळ उभं आदळतं, म्हणून त्यातल्या पेटीत एकाच दिशेचा स्विच पुरत नाही.

पहिल्या पिढीतले बीकन १२१.५ मेगाहर्ट्झवर ओरडायचे. जगभरच्या विमानांची ही संकटकाळची ठरलेली फ्रिक्वेन्सी. सुरू झाला की वरून खाली घसरत जाणारा ‘हुईऽऽ हुईऽऽ’ असा सूर सतत चालायचा. वरून उडणाऱ्या एखाद्या विमानानं तो ऐकावा आणि कळवावं, अशी ती योजना होती. त्या सुरात नाव नाही, गाव नाही. कोणतं विमान, कुठल्या देशाचं, काहीच कळत नाही. गावाबाहेर कुणीतरी नुसतं ‘ओ’ म्हणून ओरडावं, तसं.

त्यातून खोट्या हाकांचा सुळसुळाट झाला. जोरात उतरलेलं विमान, दुरुस्तीला काढलेली पेटी, कुणीतरी चुकून दाबलेला स्विच. शिवाय सूर इतका साधा होता की बिघडलेलं एखादं भलतंच उपकरणही तसाच आवाज काढू शके. अमेरिकेच्या बचाव यंत्रणेनं पिझ्झा भाजायच्या भट्ट्या, एटीएम यंत्रं आणि स्टेडियमचे धावफलकही यात पकडले आहेत. २००४ च्या ऑक्टोबरात ओरेगनमधल्या एका तरुणाच्या दारावर पोलीस आणि शोधपथकाचे लोक येऊन उभे राहिले. त्याच्या घरातला टीव्ही १२१.५ वर संदेश सोडत होता आणि तो थेट उपग्रहानं पकडला होता! ऐकायला गंमत वाटते, पण शोधपथकाच्या बाजूनं विचार करा. शंभरदा धावत जायचं आणि बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परतायचं. मग खरी हाक आली की पाय उचलायलाही उशीर होणारच.

उपग्रह यात कसा आला, ही मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो.

तुम्ही प्लॅटफॉर्मवर उभे आहात आणि न थांबणारी गाडी शिटी वाजवत येते आहे. जवळ येताना शिटी चढी लागते, समोरून गेली की क्षणात उतरते. शिटी तीच असते. येताना आवाजाच्या लाटा दाटीवाटीनं पोचतात, जाताना पांगून पोचतात. हा डॉप्लर परिणाम. १९५७ साली रशियानं स्पुटनिक सोडला तेव्हा अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी त्याची बीप ऐकता ऐकता तिच्या चढ-उतारावरून उपग्रहाची कक्षाच काढून दाखवली. आपण जमिनीवर कुठे बसलो आहोत हे त्यांना ठाऊक होतं, त्यावरून वरचा उपग्रह सापडला. मग हेच उलटंही करता येईल. उपग्रह कुठे आहे हे ठाऊक असेल, तर खालचा रेडिओ सापडेल. सत्तरच्या दशकात कॅनडातल्या संशोधकांनी हौशी रेडिओवाल्यांच्या ऑस्कर-६ या छोट्या उपग्रहावर हे करून पाहिलं, आणि ते जमलं.

आता प्रत्यक्ष कसं ते पाहू. ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह ८०० ते १००० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगानं जातो. त्याच्या दृष्टीनं बीकन म्हणजे शिटी वाजवणारी गाडी. फक्त इथे गाडी स्थिर आहे आणि प्लॅटफॉर्म धावतो आहे. उपग्रह जवळ येताना त्याला बीकनची फ्रिक्वेन्सी किंचित चढी मिळते, लांब जाताना उतरती. ज्या क्षणी ती नेमकी खरी असते, त्या क्षणी बीकन उपग्रहाच्या मार्गाला बरोबर काटकोनात आहे. म्हणजे मार्गावरची एक जागा ठरली.

पण त्या मार्गापासून बाजूला किती लांब? ते उतार सांगतो. रुळांना खेटून उभं राहिलात तर शिटी एकदम धाडकन उतरते. शेतात दूर उभे असाल तर हळूहळू उतरते. तसंच इथेही: फ्रिक्वेन्सी झपकन घसरली तर बीकन मार्गाच्या जवळ, सावकाश घसरली तर लांब. एकाच फेरीत दोन्ही मिळतं.

एक अडचण मात्र उरते. समजा, बाजूला ५०० किलोमीटर एवढं कळलं. पण डाव्या बाजूला की उजव्या? गणितात दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखीच दिसतात. म्हणून एका फेरीतून नकाशावर दोन ठिपके निघायचे, एक खरा आणि एक त्याचं प्रतिबिंब. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या वक्रांत बारीकसा फरक पडतो. त्यावरून खरा कोणता याचा अंदाज येतो, आणि पुढच्या फेरीत खात्री होते. दोन्ही फेऱ्यांत जो ठिपका जागचा हलत नाही, तो खरा.

या कल्पनेसाठी १९७९ मध्ये अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी लेनिनग्राडला करार केला. पुढच्याच महिन्यात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि दोन महासत्तांचं बोलणं जवळपास तुटलं. हे काम तेवढं चालू राहिलं. सोव्हिएत बाजूचं नाव कोस्पास, पाश्चात्त्यांचं सारसॅट, म्हणून आजही यंत्रणेचं नाव कोस्पास-सारसॅट. पहिला उपग्रह ३० जून १९८२ रोजी सोव्हिएत संघानं सोडला. तो अजून चाचणीतच होता तोवर सप्टेंबरात त्याला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या डोंगरांतून एक सूर ऐकू आला. तिथे एक छोटं विमान पडलं होतं. त्यातले तिघं दुसऱ्याच एका बेपत्ता विमानाच्या शोधात निघालेले होते. तिघंही वाचले. सोव्हिएत उपग्रहानं ऐकलं, कॅनडाच्या ग्राउंड स्टेशननं पकडलं, कॅनडाच्या माणसांनी जाऊन उचललं. शीतयुद्धाच्या ऐन भरात हे घडलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तेव्हापासून आजवर या यंत्रणेच्या मदतीनं ६० हजारांहून अधिक माणसं वाचली आहेत, विमानांतली, जहाजांतली, डोंगरांतली.

१२१.५ ची मूळ दुखणी मात्र होतीच. संदेश कमजोर, नाव-गाव नाही, ठिकाणाचा अंदाज १५-२० किलोमीटरपर्यंत चुकणारा. शिवाय उपग्रह तो सूर नुसता आरशासारखा खाली परतवायचा. म्हणजे बीकन आणि ग्राउंड स्टेशन दोन्ही एकाच वेळी उपग्रहाच्या नजरेत असतील तरच उपयोग. भर महासागरात कुणी ऐकणारंच नाही. शेवटी १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ ऐकणं बंद केलं.

त्याची जागा ४०६ मेगाहर्ट्झनं घेतली, आणि हा बदल निव्वळ आकड्याचा नाही. नवा बीकन सतत ओरडत नाही. साधारण दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदापुरता बोलतो, पण ५ वॅटच्या जोरानं. रात्री लावायचा छोटा एलईडी दिवा असतो, साधारण तेवढी ही शक्ती. कमी वेळ बोलल्यानं बॅटरी टिकते आणि एकाच भागातल्या अनेक बीकननाही आपापली पाळी मिळते. त्या अर्ध्या सेकंदात तो नीट वाक्य सांगतो: देशाचा क्रमांक, भारतासाठी तो ४१९, मग त्या पेटीची स्वतःची ओळख, आणि जीपीएसशी जोडलेला असेल तर अक्षांश-रेखांशही. टीव्ही बिघडून असं वाक्य बोलू शकत नाही. उपग्रह हे वाक्य साठवून ठेवतो आणि पुढचं ग्राउंड स्टेशन दिसलं की सांगतो, त्यामुळे समुद्र असो की वाळवंट, हाक वाया जात नाही. फ्रिक्वेन्सी अधिक स्थिर असल्यानं डॉप्लरचं गणितही सुधारलं आणि ठिकाण पाच किलोमीटरच्या आत आलं.

जुना सूर पुरता गेला नाही, बरं का. नव्या पेटीतही १२१.५ चा एक बारीक, मिणमिणता आवाज ठेवला आहे. उपग्रह शोधपथकाला टेकडीपर्यंत आणून सोडतो. झाडीत नेमकं कुठे, हे हेलिकॉप्टरमधला दिशा दाखवणारा रिसीव्हर त्या आवाजावरून काढतो.

पुढे उपग्रहांची आणखी दोन थरांची मदत आली. ३६ हजार किलोमीटरवरचे भूस्थिर उपग्रह हाक तत्काळ ऐकतात, पण ते जागचे हलत नसल्यानं डॉप्लर नाही. बीकननं स्वतः जागा सांगितली तरच ती कळते. आपले इन्सॅट मालिकेतले काही उपग्रह हे काम करत आले आहेत. आणि अलीकडे जीपीएस, गॅलिलिओ, ग्लोनास या दिशादर्शक उपग्रहांवरच हे कान बसवले गेले. ते सुमारे २० हजार किलोमीटरवर असतात आणि एका वेळी पाच-सहा तरी डोक्यावर असतातच. दूरवर सुरुंग उडाला आणि तीन गावांतल्या लोकांनी तो किती वाजून किती सेकंदांनी ऐकला हे जुळवलं, तर सुरुंग कुठे उडाला ते काढता येतं. हे उपग्रह तेच करतात. पूर्वी उपग्रह माथ्यावर येईपर्यंत तासतासभर वाट पाहावी लागे. आता काही मिनिटांत ठिकाण मिळतं. गॅलिलिओ तर ज्या बीकनमध्ये सोय असेल त्याला उलट निरोपही पाठवतो: तुमची हाक पोचली. बर्फात एकट्या पडलेल्या माणसाला या एका निरोपाचा किती आधार वाटेल, विचार करा.

भारतात ही हाक बंगळुरूला पोचते. इस्रोच्या इस्ट्रॅक संस्थेत मिशन कंट्रोल सेंटर आहे, आणि बंगळुरू व लखनौला ग्राउंड स्टेशनं. आपल्याबरोबर नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, सेशेल्स, टांझानिया या देशांचे संदेशही इथूनच पुढे जातात. विमानाचा मामला असेल तर मुंबई, दिल्ली, कोलकाता किंवा चेन्नईच्या विमानतळावरच्या बचाव समन्वय केंद्राकडे, समुद्रातला असेल तर तटरक्षक दलाकडे. अरबी समुद्रावरच्या बऱ्याच हाका मुंबईच्या वाट्याला येतात.

जहाजांवर याचा भाऊबंद असतो, ईपर्ब. सप्टेंबर २०१८ मध्ये नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करत होते. दक्षिण हिंदी महासागरात वादळानं बोट उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागला. त्यांनी ईपर्ब सुरू केला. तीन दिवसांनी फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जहाजानं त्यांना उचललं. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून तीन हजारांहून जास्त किलोमीटर आत!

हाक केंद्रात पोचली की पहिली गोष्ट काय होते? हेलिकॉप्टर उडतं असं वाटेल, पण आधी बहुधा फोन लावला जातो. पेटीच्या क्रमांकावर मालकाची नोंदणी असते, तिच्यात फोन नंबर असतो. ‘तुमचं विमान कुठे आहे?’ हँगरमध्येच असेल तर दोन मिनिटांत विषय संपतो. ‘सकाळी निघालंय, अजून आलं नाही’ असं उत्तर आलं, की चक्रं फिरतात: किती माणसं, कुठून कुठे, विमानाचा रंग कोणता. विमान विकलं गेलं आणि नोंदणी जुन्याच मालकाच्या नावावर राहिली, फोन नंबर बदलला, तर कोट्यवधींचे उपग्रह आपलं काम चोख करूनही वेळ इथे, एका न लागणाऱ्या फोनवर वाया जातो.

आता दुखऱ्या जागेकडे. एवढी हुशार पेटी अपघातात बऱ्याच वेळा बोलतच नाही. का?

९ ऑगस्ट २०१० रोजी अलास्कात नऊ जणांना घेऊन जाणारं एक छोटं विमान डोंगरउतारावर आदळलं. माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स आणि आणखी चौघं गेले. चौघं जखमी अवस्थेत जिवंत होते. त्यांतले एक होते नासाचे माजी प्रमुख शॉन ओकीफ. विमानात ४०६ चा आधुनिक ईएलटी होता, आणि तो धक्क्यानं सुरूही झाला होता. पण पेटी आपल्या बैठकीतून निसटली आणि अँटेनापासून सुटली. बीकन आत पडल्या पडल्या बोलत राहिला, बाहेर काही गेलं नाही. विमान कसं आलं नाही म्हणून लोकांनी चौकशी केली, दुसरी विमानं शोधायला गेली, तेव्हा काही तासांनी ते दिसलं. नासाचं नेतृत्व केलेला माणूस त्या उतारावर, वर ऐकायला तयार असलेले उपग्रह, आणि मधे हातभर केबल.

म्हणून मी म्हणतो, या पेटीचा अवघड भाग उपग्रह नव्हे. अवघड भाग म्हणजे पट्टा, केबल आणि अँटेना. अनेक छोट्या विमानांत पेटी व्हेल्क्रोच्या, म्हणजे चपलेच्या फरफर उघडणाऱ्या पट्ट्यासारख्या, पट्ट्यानं बांधलेली असायची. वर्षानुवर्षं तेल, धूळ आणि थरथर सोसून तो पट्टा सैल पडतो. २०१५ मध्ये नासानं लँग्लेच्या केंद्रात तीन जुनी सेस्ना विमानं सुमारे २५ ते ३० मीटर उंचीवरून मुद्दाम आपटली, आत वेगवेगळे ईएलटी ठेवून. ज्या पोलादी सांगाड्यावरून ती सोडली, त्याच सांगाड्याखाली कधीकाळी आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरण्याचा सराव करत असे. शिकलं काय, तर अगदी घरगुती गोष्टी: केबल ताणून बसवू नका, थोडी ढील ठेवा, पेटी आणि अँटेना जवळजवळ ठेवा, म्हणजे मधे विमान मोडलं तरी ती दोघं एकत्र राहतील, पट्टा धातूचा लावा.

दुसरा वैरी आग. चुकून सुरू झालेली पेटी बंद करायला वेळ मिळावा म्हणून बीकन सुरू झाल्यावर ४०६ चा पहिला संदेश जवळजवळ ५० सेकंदांनी जातो. इंधनानं भरलेलं विमान पेटलं तर त्या ५० सेकंदांत अँटेना वितळून गेलेली असू शकते.

आणि तिसरा वैरी पाणी. खारं पाणी वीज वाहतं, त्यामुळे ४०६ मेगाहर्ट्झची लहर काही सेंटीमीटर जायच्या आत विरून जाते. विमानाबरोबर बुडालेला ईएलटी म्हणजे मुका झालेला ईएलटी. २२ जुलै २०१६ ला वायुदलाचं एएन-३२ विमान तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना बंगालच्या उपसागरावर २९ जणांसह नाहीसं झालं. त्याचे मानले गेलेले अवशेष चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोल पाण्यात सापडल्याचं जाहीर झालं ते जानेवारी २०२४ मध्ये. मलेशियाच्या बेपत्ता झालेल्या एमएच-३७० या विमानावर एक सोडून चार ईएलटी होते. ८ मार्च २०१४ ला एकाचीही हाक कुणाला ऐकू आली नाही.

डोंगरही कमी नाहीत. ३ जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला निघालेलं दुसरं एएन-३२ अरुणाचलमध्ये पडलं. बीकनची हाक मिळाली नाही. पाऊस, ढग, घनदाट जंगल. आठ दिवसांनी एमआय-१७ हेलिकॉप्टरला १२ हजार फुटांवर जळका पट्टा दिसला. तेरा जण होते, कुणीच वाचलं नाही. ते बहुधा आदळतानाच गेले असतील, पण त्या आठ दिवसांत तेरा घरांनी कशा रात्री काढल्या असतील ते कुठल्या अहवालात येत नाही.

या पेटीची स्वतःचीही एक खोड निघाली. जुलै २०१३ मध्ये लंडनच्या हीथ्रोवर इथिओपियाचं रिकामं बोइंग ७८७ विमान उभ्याउभ्या पेटलं. आग ईएलटीच्या बॅटरीतून लागली होती. झाकण बसवताना त्याखाली बॅटरीच्या तारा चिमटल्या गेल्या होत्या.

पडल्यावर बोलणारं यंत्र पडण्यातच मोडतं, हे लक्षात आल्यावर विचाराची दिशा बदलली. विमान अजून हवेत असतानाच त्याला बोलायला लावलं तर? नव्या जातीचा ईएलटी तेच करतो. विमान भलत्या कोनात कललं, झपाट्यानं खाली येऊ लागलं, सगळी इंजिनं बंद पडली, यांपैकी काही झालं की तो उड्डाणातच जागा होतो, पाचेक सेकंदांत पहिला संदेश सोडतो आणि दर मिनिटाला किमान एकदा ठिकाण कळत राहतं. विमान समुद्रात शिरलं तरी शेवटचा ठिपका उपग्रहाकडे राहतो, आणि शोध त्याच्या आसपास दहा-अकरा किलोमीटरच्या आत सुरू करता येतो. एमएच-३७० साठी हिंदी महासागर पालथा घालावा लागला, त्यापुढे हे एवढंसंच आहे. २७ हजार किलोंहून जड आणि जानेवारी २०२४ नंतर पहिलं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मिळालेल्या विमानांसाठी आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेनं असा माग ठेवणं बंधनकारक केलं, त्याचा अंमल २०२५ पासून आहे. आज आकाशात उडणारी बहुतेक विमानं त्याआधीची आहेत, आणि छोट्या विमानांना हा नियम लागूच नाही. त्यांच्यासाठी अजून तीच केशरी पेटी.

छोटी विमानं चालवणारे काही जुने वैमानिक एक सवय पाळतात. उतरून विमान जागेवर लावलं, की इंजिन बंद करण्याआधी रेडिओ १२१.५ वर आणायचा आणि काही क्षण कान द्यायचा. उतरताना दणका जोरात बसला असेल आणि मागच्या पेटीनं तो अपघात समजून हाक मारायला सुरुवात केली असेल, तर तो घसरणारा सूर तिथेच ऐकू येतो. सूर आला तर पेटी बंद करून केंद्राला कळवायचं. नुसती खरखर ऐकू आली, तर मास्टर स्विच बंद करून खाली उतरायचं.